सुधाकर होईपर्यंत थांबायचे काय?

दारूचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित, अनुभवी आणि बहुधा निर्व्यसनी गृहस्थांच्या मुखातून एक वाक्य हटकून बाहेर पडते : ‘बोलून दारू सुटत असती, तर एव्हाना घरोघरच्या आयाबायांनीच ती सोडवली असती.’ या वाक्याला परिसंवादात हशा मिळतो, जेवणाच्या पंगतीत संमती मिळते, आणि अतिमद्यपान करणाऱ्या तरुणाशी एखाद्या प्रशिक्षित माणसाने एकदा, दोनदा, फार तर चारदा, अर्धापाऊण तास शांतपणे बोलावे व त्यातून त्याचे पिणे कमी व्हावे, ही अल्पकालीन समुपदेशनाची कल्पना त्या एका वाक्यासरशी निकालात निघाली असे समजून मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. ज्या प्रश्नाचा अभ्यास जगात गेली चाळीस-पन्नास वर्षे चिकाटीने चालला आहे, त्याचा निवाडा अशा एका फटकाऱ्यात करण्याचे धाडस केवळ अज्ञानालाच शक्य असते. म्हणून या मताची थोडी सविस्तर झडती घेणे भाग आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडायचे तर ते असे आहे. व्यसन हा एक तर चारित्र्याचा दोष असतो किंवा मेंदूचा रोग असतो. दोष असेल तर धाक हवा, रोग असेल तर इस्पितळ हवे, गप्पांनी दोन्हींपैकी काहीच भागत नाही. तरुणांपुरते पाहायचे तर लग्न झाले, अंगावर जबाबदारी पडली की पिणे आपोआप ओसरते, सबब त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. शिवाय ‘कमी प्या’ असे सांगणे म्हणजे ‘प्या’ असेच सांगणे. आणि ज्या उपायाचे फळ आठवड्याला एकदीड पेगापलीकडे मोजता येत नाही, त्यावर सरकारी तिजोरीतला पैसा का दवडावा? यातले पहिले विधान दुसऱ्याचा गळा धरते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. धाकाशिवाय दारू सुटतच नाही असे म्हणणारे आणि ती वयाबरोबर आपोआप सुटते असे म्हणणारे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. फरक इतकाच की पहिले मत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेले असते आणि दुसरे स्वतःच्या.

या मताचे मूळ शोधू गेल्यास ते वैद्यकशास्त्रात सापडत नाही, रंगभूमीवर सापडते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर महिनाभरातच, रंगमंचावर आले. मुन्सफाशी खटका उडून सनद गमावलेला बुद्धिमान वकील सुधाकर तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला ओठाला लावतो आणि त्यानंतर त्याला पाय टेकायला एकही पायरी उरत नाही; तो, त्याचे मूल, त्याची सिंधू, सर्वांचा ग्रास होऊनच पडदा पडतो. या नाटकाने मराठी मनावर केलेला संस्कार इतका खोल आहे की एकतीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी आमची वृत्तपत्रे अजूनही ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा देतात आणि त्यात काही वाङ्मयीन संदर्भ आहे याची वाचकाला शंकासुद्धा येत नाही. गडकऱ्यांना यात दोष देता येणार नाही. शोकांतिकेला पायऱ्या मोजत बसण्याची सवड नसते. तिला कडा लागतो. परंतु नाटककाराला जो कडा लागतो, तोच आरोग्यखात्याच्या दफ्तरातही रंगवून ठेवला की काय होते? एका बाजूला थेंबही न घेणारा सज्जन आणि दुसऱ्या बाजूला गटारात लोळणारा सुधाकर, एवढ्या दोनच नोंदी खतावणीत उरतात. आणि या दोहोंच्या मध्ये जो लक्षावधी तरुणांचा समुदाय दर शनिवारी ‘बसतो’, त्याच्या नावाचे पानच कोठे सापडत नाही.

हा मधला तरुण पाहा. तो चाकणच्या कारखान्यात पाळीवर आहे किंवा हिंजवडीच्या कचेरीत संगणकापुढे, वय तेवीस-चोवीस, सोमवार ते शुक्रवार तो दारूला शिवत नाही, आणि म्हणूनच आपण पिणारे आहोत असे त्याला मुळीच वाटत नाही. शनिवारी चौघे जमतात, चकना येतो, प्रत्येकाची एक क्वार्टर होते. आता हिशेब करू. बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या प्रमाणाने ६० ग्रॅमहून किंचित अधिक शुद्ध मद्यार्क भरतो. एका प्रसंगी ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क पोटात जाणे, तेही महिन्यातून निदान एकदा, यालाच जागतिक आरोग्य संघटना प्रासंगिक अतिमद्यपान म्हणते. म्हणजे जिला आमचे तरुण ‘फक्त क्वार्टर’ म्हणतात, ती बरोबर त्या सीमारेषेवर उभी आहे. मागाहून ‘हलकी’ म्हणून जी स्ट्राँग बिअर मागवली जाते, तिच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत, आठ टक्क्यांच्या हिशेबाने, आणखी ४० ग्रॅम, अर्थात चार लहान पेग असतात. हे गणित त्या मुलाला शाळेने शिकवलेले नाही, घराने नाही, आणि दुकानदाराने तर नाहीच नाही.

या तरुणासाठी आपल्या समाजात दोनच दारे उघडी आहेत. एक नाक्यावरच्या पोलिसाचे आणि दुसरे व्यसनमुक्ती केंद्राचे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेने १९८६पासून जे कार्य केले आहे त्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे, परंतु ते कार्य ज्यांना दारूने पुरते ताब्यात घेतले आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ज्याचा हात सकाळी थरथरत नाही, ज्याची नोकरी शाबूत आहे, त्या चोवीस वर्षांच्या मुलाला महिनाभर तेथे ठेवावे असे त्या संस्थेचे चालकही म्हणणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऐंशीच्या दशकात तयार करवून घेतलेली, पिण्याचा धोका जोखणारी दहा प्रश्नांची एक साधी चाचणी आहे. एकूण गुण चाळीस. वीस व त्याहून वर गुण पडले तर तज्ज्ञाकडे पाठवावे. आठ ते एकोणीसपर्यंत पडले तर सल्ला आणि थोडक्यात समुपदेशन द्यावे. ज्यांना दारू अचानक बंद केल्याने झटके येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका आहे, त्यांच्यावर गप्पांचा प्रयोग करा असे या उपायाच्या एकाही जाणत्या पुरस्कर्त्याने कधी म्हटलेले नाही. तेव्हा ‘पक्क्या दारुड्यावर याचा काय परिणाम होणार?’ हा सवाल ज्याच्यासाठी दावाच दाखल नाही अशा इसमाच्या वतीने केलेला युक्तिवाद आहे.

आता ‘अर्ध्या तासात काय होते?’ या उपहासाकडे वळू. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड यांनी शंभर विवाहित मद्यासक्त पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला त्या काळात उपलब्ध असलेले, महिनोन्‌महिने चालणारे सर्व उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील पुरुषाला पत्नीसह समोर बसवून एकदाच सल्ला दिला गेला आणि पुढची जबाबदारी तुमची असे सांगण्यात आले. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने पुष्कळ तज्ज्ञांची झोप उडवली, आणि ते योग्यच होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या खंडांतील देशांत, केनिया-झिंबाब्वेपासून नॉर्वेपर्यंत, अतिमद्यपान करणाऱ्यांवर असाच प्रयोग केला. १९९६ साली त्याचा वृत्तान्त आला, तेव्हा दिसले की ज्या पुरुषांना थोडक्यात सल्ला मिळाला त्यांचे रोजचे सरासरी पिणे इतरांपेक्षा सतरा टक्क्यांनी कमी होते. आणि पाच मिनिटांचा साधा सल्ला वीस मिनिटांच्या समुपदेशनापेक्षा उणा ठरला नव्हता. पाच मिनिटे! जो समाज वर्तमानपत्रातल्या ‘पिणाऱ्याला नकळत दारू सोडवा’ या जाहिराती वाचून चहात कालवण्याची पूड टपालाने मागवतो, त्याला पाच मिनिटांचे शहाणे बोलणे मात्र अशास्त्रीय वाटावे, या चोखंदळपणाला काय म्हणावे?

पण त्या पाच मिनिटांत किंवा अर्ध्या तासात बोलतात तरी काय? टीकाकारांनी हे कधी ऐकलेले नसते, म्हणून ते उपदेश गृहीत धरतात. प्रत्यक्षात प्रसंग साधारण असा असतो. पित्ताची तक्रार घेऊन किंवा गुडघा फोडून घेऊन आलेला मुलगा केसपेपर हातात धरून बसला आहे, आणि समुपदेशक ताई समोर आहेत.

‘ताई, मी काही बेवडा नाही हो. शनिवारचीच असते.’

‘बेवडा कोण म्हणतंय तुम्हाला? गेल्या शनिवारी किती झाली, तेवढं सांगा.’

‘क्वार्टर. मग एक बिअर.’

‘साधी?’

‘स्ट्राँग.’

ताई कागदावर साठ लिहितात, खाली चाळीस लिहितात, बेरीज त्यालाच करायला सांगतात. तो म्हणतो, ‘सगळेच घेतात.’ त्या सांगतात की केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे पुरुष शंभरात सत्तावीसच्या आसपास निघाले. ‘सगळे’ म्हणजे त्याच्या टेबलावरचे चौघे. मग त्या त्याला असा प्रश्न विचारतात जो आजवर त्याला कोणी विचारलेला नसतो : ‘यात तुम्हाला आवडतं काय?’ तो बिचकतो, मग सांगतो, की मोकळे वाटते, चौघांत हसायला येते. ‘आणि न आवडणारं?’ येथे तो थांबतो. ‘रविवार सगळा जातो. आणि परवा गाडी घरी कशी आणली, ते आठवतच नाही.’

हे शेवटचे वाक्य ताईंनी उच्चारले असते तर त्याने त्यावर वाद घातला असता. ते त्याच्या तोंडून आले, म्हणून त्याच्याशी वाद घालायला समोर कोणी उरले नाही. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली जी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिकसह जिचे शास्त्र बनवले, तिचे मर्म एवढेच : बदलाच्या बाजूचा युक्तिवाद पिणाऱ्याने करावा, आणि ऐकणाऱ्याने तो त्याच्याकडून करवून घ्यावा. त्यानंतर काही किरकोळ तजवीज ठरते. बसण्याआधी जेवायचे, स्ट्राँग घ्यायची नाही, गाडीची किल्ली घरी ठेवायची, अमुक मित्राचा फोन शनिवारी उचलायचा नाही; आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट.

आता त्या आयाबायांच्या वाक्याचे पाहू. आई बोलते तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो, मुलगा दारात झोकांड्या खात असतो, आणि ती स्वतः त्या दाव्यातील फिर्यादी असते. तिच्या अश्रूंत, शपथांत, विठोबाच्या पायांवर हात ठेवून घातलेल्या माळेत जे सामर्थ्य आहे त्याची थट्टा मी करणार नाही. माळेने कित्येक घरे सावरली आहेत. परंतु फिर्यादीने साक्षीदाराचेही काम करावे, वकिलाचेही करावे आणि निवाडाही द्यावा, अशी अपेक्षा कोणत्या कचेरीत केली जाते? शुद्धीत असलेल्या मुलाशी, दिवसाउजेडी, त्याच्या पिण्यात ज्याचे काहीही बुडालेले नाही अशा माणसाने बोलणे ही सर्वस्वी निराळी क्रिया आहे. आईला ती जमली नाही, म्हणून ती निष्फळ, हा निष्कर्ष त्या आईवरही अन्याय करतो.

‘कमी प्या म्हणजे प्या’ हा आक्षेप अधिक नैतिक थाटाचा असल्यामुळे त्याला अधिक आदर मिळतो. त्याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. ते गोव्यात आहे. ‘संगात’ या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मघाच्या चाचणीत बारा ते एकोणीस गुण पडलेल्या ३७७ पुरुषांवर अशाच समुपदेशनाची परीक्षा घेतली आणि तिचा निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वयोमर्यादा अठरा ते पासष्ट होती, म्हणजे प्रश्न केवळ तरुणांपुरता नव्हता. भेटी जास्तीत जास्त चार होत्या. आणि ‘दारू सोडाच’ असा हुकूम कोणी दिलेला नव्हता. तीन महिन्यांनी पाहिले तर समुपदेशन मिळालेल्यांत धोक्याच्या रेषेखाली आलेले शंभरात छत्तीस होते, न मिळालेल्यांत सव्वीस. याहून बोलका आकडा पुढे आहे. आधीच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्शही न केलेले पहिल्या गटात शंभरात बेचाळीस निघाले आणि दुसऱ्यात अठरा. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या मापात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. याचा अर्थ नीट वाचावा. ज्यांच्यापुढे निवड मोकळी ठेवली, त्यांच्यातील पुष्कळांनी बेतशीर पिण्याचा मधला मार्ग निवडलाच नाही. त्यांनी पेला खाली ठेवला. नीतीच्या रक्षकांना ज्या फळाची आस आहे ते फळ, त्यांचा आवडता हुकूमशाही स्वर वर्ज्य केल्यावर अधिक आले. वर्षभरानंतरही दोन गटांतील अंतर मिटले नव्हते.

बंदीवाल्यांना माझे थोडकेच सांगणे आहे. मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा १९४९चा. नावात फेरफार होऊन तो आजही अंमलात आहे, त्यान्वये पिण्यासाठी परवाना लागतो, आणि पंचविशीच्या आतील मुलाला क्वार्टर विकत देता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी झाली, २०२१ साली उठली. गडचिरोलीत ती १९९३पासून आहे आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तो वाद चालू द्यावा. परंतु बंदी हवी म्हणून समुपदेशन नको, हा तर्क कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? ज्या राज्यात दारूच्या बैठकीच्या जागेला गेली कित्येक वर्षे ‘परमिट रूम’ म्हणतात, ज्या राज्याचे उत्पादन शुल्क खाते पिणाऱ्याच्या नावाने परवान्याचा कागद फाडते आणि महसूल मोजून घेते, त्या राज्याला त्याच माणसाला दहा प्रश्न विचारण्याइतका कागद मिळू नये?

‘वय आहे, जाईल’ हे मात्र मला सर्वांत निर्दय वाटते, कारण ते प्रेमळ स्वरात बोलले जाते. वयाबरोबर अनेकांचे पिणे ओसरते, हे खरे. पण ओसरेपर्यंत तो मुलगा जिवंत राहील, ही हमी कोणी दिली? चाळिशीतला पिणारा यकृताने जातो. पंचविशीतल्याला यकृत दगा देत नाही. त्याच्यासाठी दुचाकी असते, धरणाचे पाणी असते, गच्चीचा कठडा असतो, बाचाबाचीत उचललेली बाटली असते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की मोटार वाहन कायदा चालकाला गुन्हेगार ठरवतो. क्वार्टर आणि वर स्ट्राँग रिचवून उठलेला मुलगा ती मर्यादा कधीच मागे टाकून आलेला असतो. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात अ‍ॅलन मार्लट व सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात अशीच तरुण, अतिमद्यपानाकडे झुकलेली मुले निवडली, त्यांतील काहींशी पहिल्या वर्षी थोडक्यात बोलले, आणि दोन वर्षांनंतर त्यांचे पिणे व त्यापायी होणारे उपद्रव, उरलेल्या मुलांपेक्षा कमी झालेले त्यांना आढळले. पिणे उरलेल्यांचेही कालांतराने घटत होते. ज्यांच्याशी बोलले त्यांचे आधी घटले. त्या ‘आधी’मध्ये किती अपघात टळले असतील, याचा हिशेब ‘वय आहे’वाले करतील काय?

उरला आकड्यांचा आक्षेप, आणि प्रतिपक्षाजवळ काही दारूगोळा असेल तर तो येथेच आहे. पंचविशीपर्यंतच्या तरुणांवरील प्रयोगांची छाननी करणाऱ्यांना आठवड्याला सुमारे दीड माप एवढीच घट सरासरीने आढळली, आणि प्रौढांच्या बाबतीत प्राथमिक आरोग्यसेवेतील सल्ल्याने आठवड्याला २० ग्रॅम, म्हणजे दोन लहान पेग. हे आकडे मला ठाऊक आहेत आणि त्यांनी मी विचलित होत नाही. सरासरी ही कोणाही एका मुलाची गोष्ट नसते. तिच्यात मुळीच न बदललेले असतात तसे पूर्ण थांबलेलेही असतात. शिवाय या प्रयोगांतील ज्या गटाला समुपदेशन दिले जात नाही, त्यालाही ‘किती पिता?’ हे बारकाईने विचारलेलेच असते, आणि त्याचेही पिणे पुष्कळदा घटते. तेव्हा ज्याच्याशी तुलना केली जाते तो गट आपल्या चाकणच्या मुलासारखा निखळ दुर्लक्षित नसतो. जेफ्री रोझ या ब्रिटिश रोगपरिस्थितिविज्ञाने दाखवून दिले आहे की समाजातील रोगांचा मोठा वाटा महासंकटातील थोड्याशा लोकांकडून येत नाही, किंचित धोक्यातील असंख्यांकडून येतो. सुधाकर गावात चार असतात. शनिवारची क्वार्टर मारणारे चारशे. त्या चारशेंचे दीड माप कमी करणे क्षुल्लक, आणि चौघांसाठी अश्रू ढाळणे मात्र समाजकार्य?

‘हे करणार कोण, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कोठे?’ हा प्रश्न मोठ्या विजयाच्या सुरात विचारला जातो. गोव्यातील प्रयोगात समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हतेच. ती शालेय शिक्षण झालेली, स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसे होती. त्यांना प्रशिक्षण दिले होते, आणि त्यांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांचे सहकारीच त्यांच्या कामाचा दर्जा तपासत होते. अशी माणसे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अमेरिकेत तर अव्वल दर्जाच्या अपघात-शस्त्रक्रिया केंद्रांवर जखमींचे मद्यपान तपासून त्यांच्याशी थोडक्यात बोलण्याची व्यवस्था ठेवण्याची अटच या शतकाच्या पहिल्या दशकात घालण्यात आली. आमच्याकडे एक जानेवारीच्या पहाटे शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच वयाची मुले ओळीने बसलेली असतात. त्यांना टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, केसपेपरवर तोंडाला दारूचा वास येत असल्याची नोंद होते, पोलीस जबाब घेतात, आणि मुलगा घरी जातो. वासाची नोंद करायला शाई असते, प्रश्न विचारायला नसते.

एम्सच्या मघाच्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कसला तरी उपचार मिळतो. ही अवस्था आहे पुरत्या बुडालेल्यांची. जे अजून काठावर आहेत त्यांना विचारणारे तर कोणीच नाही. इतके दिवस धाक होता, बंदी होती, नाटके होती, टपालाने येणाऱ्या पुड्या होत्या, आणि तरीही हे प्रमाण इतकेच आहे. म्हणून त्या केसपेपरवर वासाच्या नोंदीखाली दहा प्रश्न छापा. ते विचारायला दर अपघात विभागात आणि दर प्राथमिक आरोग्य केंद्रात एक शिकवून तयार केलेली व्यक्ती नेमा. तिचे काम तपासायला दुसरी ठेवा. आणि ज्यांना हे थोडके वाटते त्यांनी उरलेल्या सदतीस जणांसाठी आजवर आपण काय केले, ते दप्तरासह सादर करावे.